आश्रय आणि अनवट राग : उस्ताद अल्लादियाखाँ आणि करवीर दरबार

संपूर्ण मालकंस, बसंती केदार, खोकर, खट, बिहागडा, पटबिहाग, रायसा कानडा, ललिता गौरी, खेम कल्याण. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गवयांकडून ही नावे जितक्या सहजपणे ऐकू येतात, तितकी इतरत्र क्वचितच येतात. हिंदुस्थानी संगीतात अशा रागांना ‘अनवट’ म्हणतात. यांतले काही जुन्या धृपद परंपरेतून आलेले आहेत, काही दोन रागांच्या जोडणीतून उभे राहिले आहेत, तर काहींना आज ओळखीचे असलेले रूप एकाच माणसाने दिले आहे. तो माणूस म्हणजे उस्ताद अल्लादियाखाँ (1855–1946). राजस्थानात जन्मलेल्या या गवयाच्या आयुष्यातला सर्वांत स्थिर कालखंड कोल्हापुरात, राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाखाली गेला. 1895 ते 1922 ही ती सत्तावीस वर्षे. एका कलावंताची निर्मिती आणि तिला मिळालेला आश्रय यांचा संबंध तपासण्यासाठी महाराष्ट्रात याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

युरोपीय संगीतात रचनाकाराची कृती कागदावर उतरते. सिंफनीची स्वरलिपी लिहून झाली की ती रचनाकारापासून वेगळी होते. तिची नक्कल करता येते, ती विकता येते, शंभर वर्षांनंतरही दुसऱ्या देशातला वाद्यवृंद ती वाजवू शकतो. ख्यालगायकीत तसे नाही. इथे बंदिश दोन-चार ओळींची असते आणि तिचा विस्तार गायकाने त्या त्या वेळी करायचा असतो. म्हणून ख्यालगायकाची खरी रचना बहुधा बंदिशीपेक्षा मोठी असते. राग कसा उभा करायचा, त्यातली कोणती स्वरसंगती ठेवायची, कोणती टाळायची, दोन रागांचा जोड नेमका कुठे द्यायचा, हे सारे तीत येते. ही रचना गळ्यात राहते आणि तालमीतून दुसऱ्या गळ्यात जाते. साहजिकच आश्रयदात्याला तिच्यावर युरोपातल्या सरदारासारखी मालकी सांगता येत नाही.

तुलनेसाठी योझेफ हायडनचे उदाहरण उपयोगी पडते. 1761 साली तो एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या नोकरीत उपसंगीतप्रमुख म्हणून रुजू झाला. करारानुसार त्याला दरबारी पोशाख घालावा लागे, दिवसातून दोनदा मालकाच्या आज्ञेसाठी हजर राहावे लागे आणि त्याच्या रचनांवर हक्क मालकाचा असे. त्या रचना बाहेर कोणाला द्यायलाही त्याला मनाई होती. ही अट 1779 च्या नव्या करारात गेली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याने ‘सकाळ’, ‘दुपार’ आणि ‘संध्याकाळ’ या नावांच्या तीन सिंफनी लिहिल्या. पुढच्या लंडन सिंफनींच्या तुलनेत त्या कमी वाजवल्या जातात, पण आश्रयाचा परिणाम त्यांत स्पष्ट दिसतो. दरबारातल्या एकेका वादकाला एकट्याने चमकण्याची संधी मिळावी अशी त्यांची बांधणी आहे. जगापासून दूर असल्यामुळे आपल्याला स्वतंत्र वाटेने जावेच लागले, असे हायडनने उतारवयात सांगितले. 1790 मध्ये प्रिन्स निकोलाउस वारला, हायडन मोकळा झाला आणि लंडनच्या तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांसमोर उभा राहिला. नोकरीची बंधने, निवांतपणा, आश्रयदात्याचा मृत्यू आणि मग शहराचा श्रोता, हा क्रम लक्षात ठेवला तर अल्लादियाखाँच्या चरित्रातले साम्य कळते आणि भेदही कळतो.

अल्लादियाखाँचा जन्म जयपूरजवळच्या उनियारा या छोट्या संस्थानात झाला. घराण्याचे मूळ गाव अलीगढजवळचे अत्रौली, म्हणून घराण्याच्या नावात जयपूर आणि अत्रौली दोन्ही आली. घराणे धृपदियांचे. वडील लवकर वारल्यावर त्यांची तालीम चुलते जहांगीरखाँ यांच्याकडे झाली. आधी धृपद आणि मग ख्याल, अशी ती बरीच वर्षे चालली. धृपदाच्या या पायामुळे रागाची शिस्त, लयीचे भान आणि जुन्या रागांचा साठा त्यांच्याकडे वारशाने आला. जयपुरात मुबारक अलीखाँ यांच्या पेचदार तानांचाही त्यांच्यावर खोल ठसा उमटला.

तरुणपणी ते संस्थानांतून फिरत राहिले. त्या काळच्या गवयाचे जगणे असेच असे. एखाद्या दरबारात काही महिने, काही वर्षे राहायचे, मर्जी असेपर्यंत गायचे, मग पुढचा मुक्काम शोधायचा. आश्रयाची दुसरी, कठोर बाजू त्यांनी याच काळात अनुभवली. आमलेटा येथे तिथल्या अधिपतीच्या आग्रहाखातर त्यांना दिवसामागून दिवस प्रदीर्घ गावे लागले. त्या ताणाने त्यांचा आवाज गेला. तो परत यायला बराच काळ लागला आणि आला तो पहिल्यासारखा राहिला नव्हता.

दुसऱ्या कोणाची कारकीर्द इथे संपली असती. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला साजेशी गायकी घडवली. आवाजाच्या नैसर्गिक गोडव्यावर फार विसंबता येत नव्हते, म्हणून त्यांनी बळ दिले ते स्वर आणि लय यांच्या घट्ट विणीला. या गायकीत मोकळा आकार असतो, लय मध्यविलंबित असते, आणि आलाप तालाच्या अंगाने, मात्रांशी नाते राखत पुढे सरकतो. तान सरळ चढ-उतार करत नाही. ती वळत वळत, एका स्वराच्या आधाराने दुसऱ्याकडे जात सम गाठते. आवर्तन भरत कसे जाते आणि समेवर कसे येते यात श्रोत्याचे लक्ष सतत गुंतलेले राहते. ही गायकी समजून घ्यायला वेळ लागतो आणि ती घडवायलाही वेळ लागला. तो वेळ कोल्हापुरात मिळाला.

शाहू महाराज 2 एप्रिल 1894 रोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी खाँसाहेब करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या, दरबारी दाखल झाले. महाराजांची मल्लविद्येची आवड सर्वश्रुत आहे. कुस्त्यांचे खासबाग मैदान 1912 मध्ये तयार झाले. पण नाटक आणि संगीत यांनाही त्यांच्या राजवटीत तितकाच उदार हात मिळाला. खासबागेला लागून उभे राहिलेले पॅलेस थिएटर पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. शहरात संगीताचा जाणता वर्ग आधीपासून होता. पुढे ‘गायन समाज देवल क्लब’ म्हणून नावारूपाला आलेली संस्था 1883 पासूनची. दरबाराचा तनखा आणि शहरातला हा रसिकवर्ग, दोन्ही एकाच ठिकाणी लाभल्याने खाँसाहेबांची भटकंती थांबली. त्यांचे बंधू हैदरखाँही कोल्हापुरात राहिले. धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ पुढे अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करू लागले. जयपूर आणि अत्रौली या दोन नावांनी ओळखले जाणारे घराणे खऱ्या अर्थाने वाढले ते पंचगंगेच्या काठी.

अनवट रागांचा आणि दरबारी आश्रयाचा संबंध इथे नीट पाहायला हवा. फिरत्या गवयाला दर गावी नवा श्रोता मिळतो, त्यामुळे मोजके राग उत्तम तयार असले तरी त्याचे भागते. दरबारी गवयाचे तसे नसते. तेच जाणकार वर्षानुवर्षे समोर बसतात. यमन, भूप आणि बिहाग त्यांच्या कानांवरून अनेकदा गेलेले असतात. अशा सभेत नव्या रागाला, जुन्या रागाच्या विसरलेल्या रूपाला आणि अवघड जोडाला मोल येते. पाहुणा गवई आला तर त्याच्यासमोर आपल्या विद्येचा साठा सिद्ध करण्याचीही वेळ येते. याउलट तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला ओळखीचे काही हवे असते. दरबाराने खाँसाहेबांना अनवट राग बांधायला सांगितले नाही, पण असे राग फुकट जाणार नाहीत इतका कान त्यांच्यासमोर ठेवला. आश्रयाचे हे काम पैशापेक्षा मोठे होते.

दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. मालकंस हा पाच स्वरांचा राग आहे. त्यात षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद लागतात. रिषभ आणि पंचम वर्ज्य. या दोन स्वरांचे नसणे हीच मालकंसाची ओळख. संपूर्ण मालकंसात हे दोन्ही स्वर येतात आणि तरीही मालकंसाचे गांभीर्य मोडता कामा नये, अशी अट गायकासमोर असते. रिषभ कुठून घ्यायचा, पंचमावर किती थांबायचे, मध्यमाचे वर्चस्व कसे राखायचे, यात तिळभर चूक झाली तर राग दुसरीकडे घसरतो. बसंती केदाराची अडचण वेगळी. केदार दोन्ही मध्यमांचा, शुद्ध स्वरांवर उभा असलेला राग, तर बसंतात रिषभ-धैवत कोमल आणि प्राधान्य तीव्र मध्यमाला. या दोन परस्परविरोधी प्रकृतींना एका बंदिशीत नांदवायचे आणि ठिगळ दिसू द्यायचे नाही. जोडरागाचा आनंद घ्यायला श्रोत्यालाही दोन्ही राग ठाऊक असावे लागतात. म्हणून अशा रागांची निर्मिती जाणत्या श्रोतृवर्गावाचून होत नाही.

कोल्हापूरच्या वास्तव्यातला आणखी एक लाभ शिष्यांचा. भास्करबुवा बखले (1869–1922) यांनी आधी इतर गुरूंकडे तालीम घेतली होती, तरी परिपक्व वयात ते खाँसाहेबांकडे आले. त्यांनी 1911 साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला आणि संगीत रंगभूमीलाही आपली विद्या दिली. ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे हे कोल्हापूरच्या मातीतले. ते खाँसाहेबांच्या गायकीचे निस्सीम चाहते होते आणि त्यांनी खाँसाहेबांचे मराठी चरित्रही लिहिले. दरबारात घडलेली गायकी अशा व्यक्तींच्या वाटेने मध्यमवर्गीय मराठी घरांत पोचली.

करवीर दरबाराची रीत ही आश्रयाची एकमेव रीत नव्हती. त्याच काळात महाराष्ट्राच्या आणि आसपासच्या संस्थानांत निरनिराळे प्रयोग चालू होते. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी कलावंतांसाठी स्वतंत्र खाते ठेवले, त्याला लेखी नियम घालून दिले आणि 1886 मध्ये मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा काढली. तिथला आश्रय शिस्तीचा आणि संस्थात्मक होता. इचलकरंजीला घोरपड्यांच्या पदरी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर राहिले आणि त्यांच्यामुळे ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात रुजली. बुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी मिरजेचा राजाश्रय सोडून 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले आणि संगीत विद्यार्थ्यांच्या फीवर आणि लोकांच्या वर्गणीवर उभे करून दाखवले.

कोकण किनाऱ्यावर जंजिरा संस्थानाचे उदाहरण आणखी निराळे आहे. नवाब सिद्दी अहमदखान यांची कारकीर्द 1879 ते 1922. त्यांच्या बेगम नाझली आणि बेगमांच्या भगिनी अतिया फैजी या त्या काळच्या सुशिक्षित, जग पाहिलेल्या स्त्रिया होत्या. अतिया बेगमांनी हिंदुस्थानी संगीताची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक 1914 मध्ये लंडनहून प्रसिद्ध केले. त्यांचे पती, चित्रकार सॅम्युअल रहामीन, पुण्यात जन्मलेले बेने इस्रायली होते. त्या समाजाचे मूळ याच किनाऱ्यावरच्या गावांत आहे. 1916 च्या मार्चमध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यात अतिया बेगमांचाही सहभाग होता. कोल्हापूरसारखे घराणे या किनाऱ्यावर वाढले नाही, पण संस्थानी परिवाराचा आधार असला की एक स्त्री संगीतावर लिहू शकते आणि विद्वानांच्या सभेत बोलू शकते, हे जंजिऱ्याशी जोडलेल्या या घराने दाखवले. गायनाइतकीच लेखनालाही आश्रयाची गरज असते.

1922 हे वर्ष मराठी संगीताच्या इतिहासात एक वळण ठरले. एप्रिलमध्ये भास्करबुवा गेले. 6 मे रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. जंजिऱ्याच्या सिद्दी अहमदखानांची कारकीर्दही याच वर्षी संपली. खाँसाहेब त्या वेळी सदुसष्ट वर्षांचे होते. या वयात ते कोल्हापूर सोडून मुंबईला आले. हायडनला लंडनमध्ये तिकीट विकत घेणारा श्रोता मिळाला. खाँसाहेबांना मुंबईत मिळाला तो पेढीवाल्यांचा आणि व्यापाऱ्यांचा आश्रय. दिवाणखान्यातल्या मैफली आणि धनिकांच्या घरची तालीम यांवर नवे अर्थकारण उभे होते.

या नव्या व्यवस्थेत घराण्याचा वारसा प्रामुख्याने गोव्यातून आलेल्या दोन स्त्रियांकडे गेला. केरीच्या केसरबाई केरकर (1892–1977) यांनी रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा अशा गुरूंकडे शिकून झाल्यावर 1921 मध्ये खाँसाहेबांचा गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्यत्व घेतले. त्यांची तालीम मुंबईतल्या धनिकाच्या पाठबळामुळे शक्य झाली आणि दशकभर चालली. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर (1904–2001) यांची वाट खडतर होती. सांगलीला औषधोपचारासाठी आलेल्या खाँसाहेबांच्या कानी या मुलीचा रियाज पडला आणि त्यांनी स्वतःहून शिकवायला सुरुवात केली. पुढे मुंबईत तालीम वारंवार खंडित झाली. मध्ये हैदरखाँसाहेबांकडून त्या शिकल्या आणि 1934 मध्ये पुन्हा खाँसाहेबांच्या रीतसर शिष्या झाल्या. पाठीशी धनिक असणे आणि नसणे यांनी तालमीच्या वाटा किती बदलतात, हे या दोन चरित्रांत शेजारी शेजारी वाचायला मिळते.

मालकीचा प्रश्न इथे परत येतो. हायडनच्या रचनांवर करारानुसार सरदाराचा हक्क होता. खाँसाहेबांच्या रागांवर करवीर दरबाराने कधी हक्क सांगितला नाही. पण घराण्याने तो आपल्याकडे घट्ट धरून ठेवला. विद्या हीच गवयाची मिळकत होती. दरबार गेला, धनी बदलला, तरी गळ्यातला राग कोणी काढून घेऊ शकत नव्हते. त्यामुळे अनवट राग गंडाबंद शिष्यालाच आणि तोही बेताबेताने मिळे. खाँसाहेबांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. या सावधगिरीने कलावंताला संरक्षण दिले, पण रचनांना धोक्यात टाकले. लिहून न ठेवलेला, ध्वनिमुद्रित न झालेला राग एका पिढीच्या विस्मरणाने नाहीसा होऊ शकतो. खाँसाहेबांचे मधले चिरंजीव मंजीखाँ 1937 मध्ये अकाली गेले, भुर्जीखाँ 1950 मध्ये. खाँसाहेब स्वतः 16 मार्च 1946 रोजी मुंबईत निवर्तले. दोन वर्षांनी कोल्हापूर वगळता महाराष्ट्रातली बहुतेक संस्थाने भारतात विलीन झाली, कोल्हापूर 1949 मध्ये झाले, आणि राजाश्रयाचे युग संपले.

तरीही हे राग उरले. मल्लिकार्जुन मन्सूर (1910–1992) यांनी मंजीखाँ आणि नंतर भुर्जीखाँ यांच्याकडून घेतलेले अनवट राग धारवाडहून देशभर नेले आणि जाहीर मैफलीत निःसंकोच मांडले. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर (1932–2017) यांनी त्याच वारशातून स्वतःची भावप्रधान वाट काढली. केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी यांनी तो जुन्या शिस्तीने सांभाळला. केसरबाईंच्या ध्वनिमुद्रिकांमुळे निदान तीन-चार मिनिटांपुरते का होईना, या गायकीचे रूप कायमचे जतन झाले. 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर गेलेल्या सोनेरी तबकडीवर त्यांची भैरवी आहे. खाँसाहेबांचे नातू अझीझुद्दीनखाँ यांनी आजोबांनी सांगितलेल्या आठवणी टिपून ठेवल्या. पुढे त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, म्हणून आमलेट्याचा आणि कोल्हापूरचा काळ आज खाँसाहेबांच्याच नजरेने पाहता येतो.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. आश्रय कलावंताला घडवू शकतो आणि मोडूही शकतो, आमलेटा आणि कोल्हापूर ही त्याची दोन टोके. कोल्हापूरचे मोठेपण तनखा देण्यात तर होतेच, त्याहून अधिक ते दोन गोष्टींत होते. कलावंताच्या निर्मितीवर हक्क सांगितला गेला नाही, आणि अवघड रचनेसाठी धीर धरणारा कान तिथे होता. आज संस्थाने नाहीत. त्या जागी संगीत सभा आहेत, आकाशवाणीचे संग्रह आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. पैशाची सोय यांतून काही प्रमाणात होते. दुसरी गोष्ट मात्र श्रोत्यांनाच द्यावी लागेल. पुढच्या मैफलीत गायकाने खोकर किंवा पटबिहाग मांडला, तर ओळखीच्या रागाची फर्माईश न करता वाचकाने तो शेवटपर्यंत ऐकावा. अनवट रागांना आता आश्रय उरला आहे तो एवढाच, आणि तो पुरेसा ठरू शकतो.